झाकणाची कडी आणि लोहचुंबक

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात चोपड्याकडचे एक केळीवाले बापू माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले. काखेत टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप. टॉवेल सोडला, तर आत लॅपटॉपला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळलेली. म्हणाले, "भाऊ, हाई झाकन लागस नही."

लॅपटॉप मुलीचा. ती नाशिकला शिकते. झाकणाच्या कडेचा प्लॅस्टिकचा हूक तुटला होता, नखाएवढा तुकडा. बाकी मशीन ठणठणीत. पण बसच्या हादऱ्यांनी झाकण बॅगेत अर्धवट उघडायचं, मशीन जागं व्हायचं, आतल्या आत तापायचं, आणि पोरगी कॉलेजात पोचेपर्यंत बॅटरी संपलेली. एवढ्याशा तुकड्यापायी नवा लॅपटॉप घ्यायची भाषा घरात सुरू झाली होती.

नवीन लॅपटॉप येणार म्हटलं की प्रोसेसर, रॅम यांवर तास तास चर्चा होते. दिवसातून दहा वेळा आपला हात जिथे लागतो, त्या कडीबद्दल कोणी बोलत नाही. म्हणून आज तिच्याबद्दलच बोलतो.

जुन्या लॅपटॉपला हूक, स्प्रिंग आणि सरकवायचं बटण असायचं. हलणारा भाग आला की झीज आली. त्यात आपली काळ्या मातीची धूळ, चैत्र-वैशाखात पिठासारखी उडणारी. ती स्प्रिंगच्या खाचेत बसली की बटण अडकतं, माणूस जोर लावतो, हूक तुटतो.

अ‍ॅपल कंपनीच्या पॉवरबुकमध्ये एक सुंदर मधली पायरी होती. हूक झाकणातच लपलेला असायचा. झाकण खाली आलं की खालचं चुंबक त्याला बाहेर ओढायचं आणि तो खाचेत अडकायचा. मग मे २००६ मध्ये मॅकबुक आला आणि हूकच गेला. नुसतं लोहचुंबक. त्याच वर्षी जानेवारीत त्याच कंपनीने चार्जरची पिनही चुंबकाची केली होती. वायरीला पाय अडकला तर पिन सुटते, लॅपटॉप खाली पडत नाही.

ही युक्ती घरात मात्र त्याहून जुनी आहे. पूर्वी फ्रिजच्या दाराला बाहेरून खटका असे. अमेरिकेत टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपाछपी खेळताना मुलं अडकली, गुदमरून गेली. १९५६ मध्ये तिथे कायदा झाला, की फ्रिजचं दार आतून उघडता आलंच पाहिजे. त्यानंतर दाराच्या रबरात चुंबकाची पट्टी सर्रास आली; आतून ढकललं की दार उघडतं. तुमच्या फ्रिजच्या रबरावर टाचणी धरून बघा, चिकटेल. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे मी परत येणार आहे.

लॅपटॉपमधलं चुंबक निओडिमियमचं, म्हणजे त्या नावाचा धातू मिसळून केलेलं. १९८० च्या दशकात जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सने ते स्वतंत्रपणे घडवलं. तुरीच्या दाण्याएवढा तुकडा झाकण धरून ठेवतो. चुंबकाची ओढ अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते, म्हणून झाकण शेवटच्या बोटभर अंतरातच खेचलं जातं. पण ओढ जास्त ठेवली तर झाकण उचलताना अख्खा लॅपटॉप वर येतो आणि उघडायला दोन हात लागतात. नवा घेताना दुकानातच एका बोटाने झाकण उघडून बघा. खालचा भाग टेबलावर तसाच राहिला, तर कारागिराने विचार केलेला आहे.

झाकण मिटलं की मशीन झोपतं, तेही बहुतेक वेळा चुंबकामुळेच. चुंबक जवळ आलं की ओळखणारा, १८७९ साली एडविन हॉल यांनी शोधलेल्या परिणामावर चालणारा बारीकसा सेन्सर आत असतो. म्हणूनच एका चालू लॅपटॉपवर दुसरा ठेवला, तर खालचा किंवा वरचा अचानक झोपतो आणि मशीन बिघडलं म्हणून लोक माझ्याकडे घेऊन येतात. नुसतं एकमेकांपासून लांब ठेवा.

उन्हाने चुंबक मरेल का, असं जळगावकर विचारतात. साधं निओडिमियम ऐंशी अंशांपर्यंत तग धरतं. आपले पंचेचाळीस अंश त्याला सोसतात. बॅटरीला मात्र सोसत नाहीत. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलाय, त्यांनी असला लॅपटॉप छातीवर ठेवून झोपून वापरू नये. निदान पंधरा सेंटीमीटर अंतर हवंच.

आपल्या भागाची खरी अडचण वेगळी आहे. तापीच्या वाळूत लहानपणी चुंबक फिरवलंय ना? काळे कण दाढीसारखे चिकटतात. आपला खडक बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट हे लोहयुक्त खनिज. तेच कण धुळीतून येऊन झाकणाच्या कडेला जमतात आणि स्क्रीनवर चरे पाडतात. लेथवर काम करणाऱ्यांकडे तर लोखंडाचा चुरा. फडक्याने पुसू नका, तो आणखी घासला जातो. चिकटपट्टी लावून उचला.

आता पुढचा अंदाज. कारखान्यांत लोखंड उचलायला असं चुंबक वापरतात, जे विजेच्या एका झटक्याने सुटतं आणि दुसऱ्या झटक्याने धरतं. मधल्या काळात वीज लागत नाही. उद्या ते लॅपटॉपच्या झाकणात येईल, बोटाचा ठसा दिला की उघडेल, असं मला वाटतं. आलं तर स्वागत आहे. पण बॅटरी पूर्ण संपली असेल तेव्हा? फ्रिजची गोष्ट इथे आठवा. झाकण हाताने ओढून उघडलंच पाहिजे, वीज असो वा नसो. हे नसेल तर ते यंत्र माझ्या माणसांनी घेऊ नये, असं मी ठामपणे सांगेन. आपल्याकडे भारनियमनात अख्खी दुपार जाते.

मला जास्त आशा दुसऱ्या वाटेची आहे. फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने २०२१ पासून स्क्रीनभोवतीची चौकट चुंबकांवर बसवली आहे; स्क्रू न काढता ती हाताने निघते. असं झाकण आलं तर तुटलेला भाग घरी बदलता येईल.

बापूंच्या लॅपटॉपचं सांगायचं राहिलं. तो हूक कुठेच मिळेना. शेवटी जुन्या मशीनमधले दोन चुंबकाचे तुकडे काढले, एक झाकणात बसवला, एक खाली. झाकण टक्कन लागलं. पण उघडलं तरी स्क्रीन काळीच. खालचा तुकडा सेन्सरच्या फार जवळ बसला होता. झाकण मिटलंय असंच मशीनला वाटत होतं. दोन्ही तुकडे बोटभर उजवीकडे सरकवले आणि स्क्रीन उजळली. बापूंनी झाकण चार-पाच वेळा उघडमीट करून बघितलं, ट्यूबची पट्टी खिशात घातली आणि चोपड्याची बस धरली.

नमस्कार.