तंबोरा कुठे बुडतो

(संगीत मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, गावातली बैठक आणि आकाशवाणी यांचं नातं जुनं आहे. १९५२ साली संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम सुरू झाला आणि शनिवारची रात्र गाण्याची ठरली. १९५४पासून आकाशवाणी संगीत संमेलन सुरू झालं. त्यात निमंत्रित श्रोत्यांसमोर ठिकठिकाणी मैफली होत, त्या मुद्रित होत आणि मग प्रक्षेपित होत. १९६३ साली सांगली केंद्र आलं, आणि या भागातल्या कलाकाराला आवाजाची परीक्षा घेणारा माइक घराजवळ मिळाला. आता आपली छोटी मंडळंही बैठका मुद्रित करतात, केंद्राशी किंवा एखाद्या कम्युनिटी रेडिओशी बोलून त्या ऐकवू पाहतात. अशी मुद्रणं ऐकलीत तर गायक ऐकू येतो, तबला तर फारच ऐकू येतो, आणि तंबोरा नसतोच. मी आज फक्त त्याच्यावर बोलणार आहे. तंबोरा नीट आला की बाकीचं बरंचसं आपोआप जागेवर येतं.

आधी तो बुडतो का, ते पाहू. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी षड्ज धरून गाणाऱ्या पुरुषाच्या तंबोऱ्यात जोडाच्या, म्हणजे षड्जाच्या मधल्या दोन तारा साधारण १३९ हर्ट्झला (सेकंदाला १३९ कंपनांना) लागतात आणि खर्जाची शेवटची जाड तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९च्या आसपास. घरातल्या लहान रेडिओचा स्पीकर इतका खालचा स्वर वाजवूच शकत नाही. तरी खर्ज ऐकू येतो, कारण त्याचे उपस्वर, म्हणजे त्याच्यासोबत उमटणारे दुप्पट-तिप्पट कंपनांचे बारीक स्वर, वर शिल्लक असतात आणि त्यांवरून आपला कान मूळ स्वर भरून काढतो. वरच्या बाजूलाही कात्री लागते. मीडियम वेव्हवर दोन केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, म्हणून घरच्या संचापर्यंत साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही पोचत नाही. एफएमवर १५पर्यंत पोचतं. म्हणजे मीडियम वेव्हवर तंबोरा जगतो तो मधल्या उपस्वरांवर, आणि ते उपस्वर जवारीतून, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या बारीक उतारातून, येतात. जवारी बंद असेल तर कितीही महागडा माइक लावा, रेडिओवर नुसती धपधप ऐकू येईल.

जवारी उघडण्याची कला मिरजेत शिकलगार घराण्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळली. तलवारींना पाणी देणारे हात एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच हातांचं आहे. घोडी घासण्याचं काम त्यांच्याकडेच द्यावं, कार्यकर्त्यानं कानस हातात घेऊ नये. पण सूत लावणं आपल्याला यायलाच हवं. क्रम असा: खुंटीनं तार स्वराच्या जवळ आणायची. मग तार आणि घोडी यांच्यामधला सुताचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचा. एका जागेवर तार एकदम खुलते, आवाज लांबतो आणि त्यात वरचे स्वर झिरमिरायला लागतात. त्या जागेच्या जरा पुढे गेलात की आवाज मुका होतो, मागे आलात की नुसता खरखरतो. जागा सापडली की तारेत ओवलेल्या मण्यानं स्वराची शेवटची बारीक दुरुस्ती. बरेच जण आधी मणी हलवून स्वर पक्का करतात आणि मग सुताला हात लावतात. त्यात स्वर पुन्हा हलतो आणि दहा मिनिटं फुकट जातात.

जोड जुळली का, हे डोलावरून ओळखा. दोन तारांत एका हर्ट्झचा फरक असेल तर आवाज सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. चार सेकंदांत एकदा डोलला तर फरक पाव हर्ट्झचा. डोल जवळजवळ थांबेपर्यंत सोडायचं नाही.

गायकाला राग आधी विचारा. पहिली तार एरवी पंचमात असते, पण मालकंसाला ती मध्यमात, मारवा-पूरियाला निषादात. पंचमाची तार निषादापर्यंत दोन सूर चढवायची म्हणजे ताण बराच वाढतो, जुनी तार तुटते. एक जादा तार जवळ असावी, आणि चढवलेली तार स्थिर व्हायला पंधरा मिनिटं द्यावीत. ऐन वेळी राग बदलला की पहिली पाच मिनिटं बेसूर जातात ती इथेच.

तंबोरे सभागृहात तासभर आधी आणा आणि रंगमंचावरचे दिवे तेव्हाच लावा. उष्णतेनं तार सैल होते आणि स्वर उतरतो. थंड खोलीत जुळवून दिव्याखाली आणलेला तंबोरा दहा मिनिटांत खाली येतो. पावसाळ्यात तबल्याचं कातडं दमटपणानं उतरतं, तेव्हा तबलजीलाही हा तास लागतोच. पेटीचं मात्र उलट आहे. तिचे स्वर तुम्ही जागेवर बदलू शकत नाही, म्हणून सगळे पेटीशी जुळतात, इलेक्ट्रॉनिक तंबोरासुद्धा. पेटी कधी कधी ठरावीक पट्टीपेक्षा किंचित चढी असते. यंत्रावर नुसतं काळी एक लावून मोकळं होऊ नका, पेटीचा षड्ज दाबून ठेवा आणि यंत्र त्याला मिळवा.

आकाशवाणीनं १९४० ते १९७१ पेटी बंद ठेवली होती. त्या निर्णयानं चांगल्या वादकांवर अन्याय झाला, असं माझं मत आहे. पण त्यामागचा एक आक्षेप कानाला तपासता येतो. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार उमटतो, त्यापेक्षा पेटीचा शुद्ध गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो. सेंट म्हणजे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धरून दोन शेजारच्या स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग. तंबोरा स्पष्ट असेल तर गायक त्या गंधारावर बसतो, बुडाला तर नकळत पेटीकडे सरकतो. यमनचा आलाप ऐकून पाहा, फरक लगेच कळेल.

आता माइक. गायकाचा माइक तोंडापासून वीत-सव्वा वीत, जरा खाली आणि तिरका. दोन तंबोरे गायकाच्या मागे दोन्ही बाजूंना. मुद्रणासाठी त्यांपैकी एकाच्या घोडीपासून वीतभर अंतरावर वेगळा माइक ठेवा, भोपळ्याच्या मागे नको, तिथे नुसता घुमारा मिळतो. दोन माइकांमधलं अंतर वाद्यापासूनच्या अंतराच्या तिप्पट तरी असावं, नाहीतर एकच आवाज दोन माइकांत पुढे-मागे शिरतो आणि पोकळ होतो. तंबोऱ्याचा हा माइक फक्त मुद्रणात घ्या, सभागृहाच्या कर्ण्यांत सोडू नका. गायकापुढचा मॉनिटर, म्हणजे त्याला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या पाठीमागे सरळ रेषेत असला की शिट्टी वाजत नाही. सभागृह रिकामं असताना घुमतं, म्हणून रंगमंचावर आणि पहिल्या रांगांखाली जाड सतरंज्या घाला.

सगळ्यात मोठी चूक यंत्राच्या एका बटणात आहे. मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर मुद्रण केलं की आवाजाची पातळी यंत्र स्वतः ठरवतं. गायक थांबला की यंत्राला वाटतं आवाज कमी झाला, म्हणून ते पातळी वाढवतं आणि तंबोरा फुगतो. समेवर तबल्याची थाप पडली की पातळी झटकन खाली येते आणि तंबोरा नाहीसा होतो. विलंबित एकतालात हे दर आवर्तनाला घडतं, ऐकणाऱ्याला भोवळ येते. ही सोय आधी बंद करा. दोन आवर्तनं तबला जोरात वाजवायला सांगून सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलला ठेवा आणि मग हात लावू नका. मुद्रणाची प्रत ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा, आणि दुसरं एखादं यंत्र समांतर चालू.

वेळेबद्दलही एक सांगतो. आपल्या बहुतेक बैठका संध्याकाळी होतात, त्यामुळे तोडी, सारंग, मुलतानी हे दिवसाचे राग आपल्या श्रोत्यांच्या कानावर येत नाहीत. आकाशवाणीच्या सकाळ-दुपारच्या सभांनी, म्हणजे प्रसारणांनी, ते राग घरात आणले. वर्षातून दोन बैठका रविवारी सकाळी सातला ठेवा. रहदारी कमी असते, आणि तंबोराही तेव्हा स्वच्छ मुद्रित होतो.

निवेदकासाठी चिठ्ठी मैफलीतच लिहून घ्या: गायक, तबला, पेटी आणि तंबोऱ्याची साथ करणाऱ्यांची नावं, राग, बंदिशीची पहिली ओळ, ताल, लय. तंबोऱ्यावर बसलेल्या विद्यार्थ्यांची नावं बहुतेक वेळा राहून जातात. ती लिहा.

गाण्याच्या आधी अर्धा मिनिट नुसते तंबोरे मुद्रित करा. शेवटी भैरवीचा षड्ज सुटला की तंबोरे थांबवू नका, आणखी वीस सेकंद वाजू द्या आणि टाळ्या त्यानंतर घ्या, हे श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगून ठेवा. संपादकाला आवाज हळूहळू उतरवायला तेवढी जागा लागते. ती नसेल तर तो तार अर्ध्यात कापतो.