सावलीतला कातळ

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या जुन्नरहून नाणेघाट तासाभराच्या अंतरावर. सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांवरचा माल याच घाटानं वर यायचा. थंडीतल्या सकाळी तिथं काठावर उभं राहा. सूर्य आपल्या पाठीशी, त्यामुळं पश्चिमेकडं तोंड केलेले सगळे कडे सावलीत, काळेभोर. खाली मुरबाडच्या बाजूची दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली, आणि कड्यांची सावली जिथं संपते तिथून पुढं ते धुकं उन्हात नुसतं चमकत असतं. हे दृश्य ब्लॅक अँड व्हाइट रोलवर टिपायचं आणि स्वतःच्या हातानं कागदावर आणायचं, हा माझा गेल्या सहा वर्षांचा छंद. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

मी शाळेत गणित शिकवते. फोटोतलं मला काही कळत नव्हतं. आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत, त्यांचा पूर्वी स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नांचे अल्बम, सगळं त्यांच्या डार्करूममध्ये व्हायचं. पुढं रंगीत फोटो मशीनवर निघायला लागले आणि डार्करूमचं दार बंद झालं. एनलार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उमटवायचं यंत्र, मात्र त्यांनी विकला नाही, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. मी सहज विचारलं, तर म्हणाले, "बाई, शिकायचं असेल तर रोज या. अधूनमधून येऊन हे जमत नाही."

त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती सावली मोजायची. फिल्मचा एक स्वभाव आहे. सावलीतल्या भागाला प्रकाश कमी पडला तर तिथं निगेटिव्ह कोरी राहते, आणि जे निगेटिव्हवर आलंच नाही ते पुढं कोणत्याही युक्तीनं कागदावर येत नाही. म्हणून नाणेघाटात मी प्रकाश मोजायचा मीटर धुक्यावर धरत नाही. त्याच सावलीतला काळा दगड पायाशी असतो, त्यावर धरते. आता, मीटर ज्याच्यावर धराल ते मध्यम राखाडी येईल असा आकडा देतो. आपला कातळ राखाडी नाही, काळा आहे. म्हणून त्या आकड्यापेक्षा दोन स्टॉप कमी, म्हणजे चौथा हिस्साच प्रकाश द्यायचा. मग कातळ काळाच राहतो, पण त्याच्या भेगा, वाळलेलं गवत, पाणी ओघळल्याच्या रेषा, सगळं दिसतं. निगेटिव्हवर उजेड काळा उमटतो, त्यामुळं धुकं मात्र तिथं फार दाट येतं. त्याला आवर घालायचा तो रोल धुताना. माझा रोल इलफर्डचा, एचपी फाइव्ह. डी-७६ या डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, पाणी न घालता, २० अंशांना त्याला साधारण साडेसात मिनिटं लागतात. अशा सकाळी मी सहाच मिनिटं देते.

हे २० अंश आपल्याकडं सहज मिळत नाहीत. मे महिन्यात टाकीचं पाणी तिशीच्या वर असतं. गरम डेव्हलपरमध्ये रोल भराभर काळा होतो, जिलेटिनचा थर मऊ पडतो, नख लागलं तरी ओरखडा. मग बादलीत बर्फाची पिशवी सोडायची, डेव्हलपरची बाटली तिच्यात ठेवायची आणि थर्मामीटरकडं बघत बसायचं.

आता डार्करूम. माझी डार्करूम म्हणजे घरातली न्हाणी. खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीला गोधडी, फळीवर तीन ट्रे: डेव्हलपर, मग डेव्हलपरचं काम थांबवणारा, व्हिनेगरसारखा वास येणारा स्टॉप बाथ, मग चित्र पक्कं करणारा हायपो. वर लाल दिवा. एनलार्जरखाली आधी कागदाची एक पट्टी ठेवायची आणि पुठ्ठा सरकवत तिला तीन, सहा, नऊ, बारा सेकंद असा प्रकाश द्यायचा. धुतल्यावर कळतं की कडा नऊ सेकंदांना छान आलाय, पण धुक्याच्या जागी नुसता कोरा कागद. धुकं निगेटिव्हवर आहे, फक्त त्या दाट भागातून कागदावर यायला त्याला प्रकाश जास्त हवा. मग पुठ्ठ्याला लिंबाएवढं भोक पाडायचं. सगळ्या कागदाला नऊ सेकंद देऊन झाले की त्या भोकातून फक्त धुक्यावर आणखी बारा सेकंद. पुठ्ठा सतत हलता ठेवायचा. एका जागी थांबला की कडेला रेघ उमटते आणि फोटो वाया जातो. माझे असे कितीतरी कागद गेले, आणि कागद स्वस्त नाही.

मग तो कोरा दिसणारा कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा आणि ट्रे हळूहळू हलवत राहायचं. दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही. मग सगळ्यात काळं असतं ते आधी येतं. जीवधन किल्ल्याची कड येते, तिच्या शेजारी वांदरलिंगीचा सुळका उभा राहतो, त्यानंतर कातळाच्या भेगा, आणि धुकं सगळ्यात शेवटी, दुधावर साय धरावी तसं. शेकडो वेळा पाहिलंय. अजूनही त्या वेळी मी श्वास रोखून धरते.

एक चूक मनाला लागून राहिली आहे. पहिल्या वर्षी आत्याला तिच्या माहेरच्या वाड्याचा फोटो करून दिला होता. वाडा नंतर पडला. दोन वर्षांनी बघते तर फोटोवर पिवळे डाग. कागद फायबरचा, म्हणजे पाणी शोषून घेणारा होता आणि मी तो घाईनं धुतला होता, हायपो आत राहिला. फायबरचा कागद वाहत्या पाण्यात तासभर धुवावा लागतो. आपल्या भागात तासभर नळ सोडणं मला पटत नाही. म्हणून मी तो परातीत भिजत घालते आणि पुन्हा पुन्हा पाणी बदलते. सगळी दुपार जाते, पण पाणी वाचतं. रोलचं त्याहून सोपं आहे: टाकी पाण्यानं भरून पाच वेळा उलटीपालटी करा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. तीन पाण्यांत काम होतं. वापरलेला हायपो मात्र झाडांना घालू नका, त्यात चांदी उतरलेली असते. आत्याचा फोटो मी पुन्हा केला. निगेटिव्ह जपून ठेवली होती, म्हणून जमलं.

गेल्या महिन्यात नाणेघाटाचा फोटो अण्णांना नेऊन दाखवला. ओला असताना मला तो पसंत पडला होता. पण ओला कागद उजळ दिसतो, वाळला की थोडा गडद होतो. अण्णांनी तो खिडकीशी नेला, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग सुळक्याच्या पायथ्याशी बोट ठेवून म्हणाले, "बाई, इथं सावलीत कारवी आहे ना? ती मला दिसली पाहिजे."

कारवी होती तिथं. मी घरी आले, दाराला गोधडी लावली आणि लाल दिवा लावला. या वेळी तारेच्या टोकाला कागदाचा लहानसा तुकडा चिकटवून नऊतले तीन सेकंद त्या जागेवर सावली धरली.

नमस्कार.