पुढचं पुस्तक कोणतं?

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यात आणि नवी मुंबईत हल्ली सोसायट्यांतून, ऑफिसच्या मित्रमंडळींतून ऑनलाइन वाचनकट्टे निघालेत. महिन्याला एक पुस्तक, शेवटच्या रविवारी व्हिडिओ कॉल. बेत झकास, पण घोडं अडतं ते पुढचं पुस्तक ठरवताना.

बहुतेक कट्ट्यांवर व्हॉट्सॲपवर पोल टाकतात. माझं विचाराल तर पोलने पुस्तक निवडूच नये. त्यात जिंकतं ते सगळ्यांनी नाव ऐकलेलं, कुणाचीच हरकत नसलेलं पुस्तक. मतं भराभर पडतात आणि महिनाअखेरीस निम्मी मंडळी कॅमेरा बंद करून बसतात, कारण वाचलेलंच नसतं! त्यापेक्षा पाळी लावा. या महिन्यात ऐरोलीच्या काकू ठरवतील, पुढच्या महिन्यात घोडबंदरचा कॉलेजकुमार. सुचवणाऱ्याने मात्र ते आधी स्वतः वाचलेलं हवं.

आणि ज्यावर वाद रंगेल असंच घ्या. नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी 1963 सालची. आजही तिचा नायक पांडुरंग सांगवीकर एकाला आपलाच वाटतो, तर दुसऱ्याला वाटतं, बापाच्या पैशांवर नुसती नाटकं. हे दोघे एकाच कॉलवर असले की सूत्रसंचालकाला काम उरत नाही.

आता प्रतींचं बघू. ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक 1936 साली गेल्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे ‘स्मृतिचित्रे’चा मूळ मजकूर आता सर्वांना खुला आहे. पण त्याची संक्षिप्त आवृत्तीही निघालेली आहे. एकीकडे ती आणि दुसरीकडे समग्र असली, की “अहो, हा प्रसंग आमच्यात नाहीच!” सुरू होतं. म्हणून आवृत्ती आधीच ठरवा. पानांचे आकडेही सांगू नका. मोबाइलवर अक्षर मोठं केलं की चाळिसावं पान नव्वदावं होतं. प्रकरण सांगा, परिच्छेदाचे पहिले चार शब्द वाचून दाखवा.

सगळं विकतच घ्यायला हवं असंही नाही. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आहे. आधी तिथे चौकशी करा.

राहिली जाडी. ठाणे-वाशी लोकलमध्ये जेमतेम अर्धा तास मिळतो, तोही बसायला जागा मिळाली तर. सहाशे पानी कादंबरी असेल तर सरळ दोन महिने द्या आणि मधल्या रविवारी अर्ध्या भागावर बोला. ज्याचं वाचून झालं नाही त्यालाही बोलवा. फक्त शेवट फोडायचा का, ते त्याला आधी विचारा.