हॅरी हॅडॉक निघाला परगावी

(दृश्य : पहाट. उभ्या असलेल्या बसमध्ये दिवा चालू. मागच्या सीटवर एक माणूस मासा फुगवतो आहे.)

जानेवारीतला शनिवार. अजून उजाडलेलं नाही. बस सुटायला पाच मिनिटं आहेत आणि मागच्या सीटवर हा गडी प्लॅस्टिकचा मासा तोंडाने फुगवत बसलाय. पोट भरलं, शेपटी अजून लुळीच आहे. आणखी दोन फुंका. आता बूच दाबायचं, अंगठ्याने, घट्ट.

या माशाचं नाव हॅरी हॅडॉक. हॅडॉक ही माशाची एक जात. मुक्काम ग्रिम्सबी, इंग्लंडचा पूर्व किनारा. आणि आज तो परगावी निघालाय, कपाच्या सामन्याला.

(दृश्य : ग्रिम्सबीची गोदी. उंच विटांचा मनोरा. रिकामा धक्का.)

हा मनोरा १८५२ सालचा. गोदीचे दरवाजे पाण्याच्या दाबावर उघडायचे, त्यासाठी बांधलेला. एके काळी मासेमारीचं जगातलं एक मोठं बंदर म्हणून ग्रिम्सबीचं नाव होतं. आइसलँडशी मासेमारीच्या हद्दीवरून तंटे झाले, १९७६ साली ते संपले, आणि त्यानंतर इथल्या बोटी भराभर कमी झाल्या. मासा साफ करण्याचे आणि पॅक करण्याचे कारखाने मात्र आजही इथेच आहेत. फुटबॉल क्लबचं टोपणनाव ‘मरिनर्स’, म्हणजे दर्यावर्दी. समोरचे प्रेक्षक चिडवायला गातात, तुम्ही जिंकता तेव्हाच गाता. ग्रिम्सबीवाले उत्तर देतात, आम्ही मासे धरतो तेव्हाच गातो.

एक गंमत इथेच सांगायला हवी. ग्रिम्सबी टाउनचं मैदान ग्रिम्सबीत नाहीच. ब्लंडेल पार्क आहे शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये. म्हणजे घरच्या सामन्यालासुद्धा हा संघ गावाची वेस ओलांडतो. अशा लोकांना प्रवासाचं काय कौतुक, असं वाटेल. पण यांच्याइतकं कौतुक क्वचितच कुणाला असेल.

(दृश्य : काचेच्या भांड्यात फिरणारे आकडे लिहिलेले चेंडू.)

एफए कप म्हणजे इंग्लंडमधली लहानमोठ्या क्लबांची बाद फेरीची स्पर्धा. तिची सगळी जादू या भांड्यात आहे. कुठलाही संघ कुणाशीही पडू शकतो. मानांकन नाही, गट नाही. आधी निघालेल्या चेंडूचा संघ घरी खेळतो, दुसऱ्याने सामान बांधायचं. १९३५ साली ही सोडत पहिल्यांदा रेडिओवरून ऐकवली गेली, आणि तेव्हापासून ती ऐकताना लोक संघाचं नाव ऐकतात न ऐकतात तोच नकाशा उघडतात. किती लांब? गाडी बदलावी लागेल का? रात्री परत येता येईल का?

आणि कपाच्या सामन्यात पाहुण्यांना जागा मोठी मिळते. प्रीमियर लीग या सर्वांत वरच्या स्तरावरच्या सामन्यात पाहुण्यांची तिकिटं जास्तीत जास्त तीन हजार, किंवा मैदान लहान असेल तर क्षमतेच्या दहा टक्के. कपात मात्र पंधरा टक्क्यांपर्यंत मागता येतात. बत्तीस हजारांच्या मैदानात हा आकडा पावणेपाच हजारांच्या वर जातो. एरवी दोन बसमध्ये मावणारा लवाजमा कपाच्या दिवशी आख्खं गाव होऊन निघतो, तो या नियमामुळे. तिकिटांचं उत्पन्नही खर्च वजा जाता दोन्ही क्लबांत वाटलं जातं. लहान क्लबाला हे पैसे फार मोठे असतात.

(दृश्य : जुनं रेखाचित्र. टोप्या घातलेले खेळाडू, पाठीमागे गॅसच्या टाक्या.)

या प्रवासाची कथा कपाइतकीच जुनी आहे. स्पर्धेचं पहिलं वर्ष, १८७२. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबाने उपांत्य सामन्यासाठी लंडन गाठलं. लोकांनी वर्गणी काढली म्हणून गाठता आलं. ओव्हल मैदानावर वाँडरर्स संघाशी सामना गोलशून्य सुटला. आता फेरसामना, म्हणजे तीच लढत पुन्हा. पण लंडनमध्ये आणखी थांबायला क्लबापाशी पैसे नव्हते. क्वीन्स पार्कने स्पर्धा सोडली, एकही सामना न हरता. वाँडरर्स अंतिम फेरीत गेले आणि त्यांनी पहिला कप जिंकला.

फेरसामना. हा शब्द लक्षात असू द्या, त्याच्याकडे परत यायचं आहे.

(दृश्य : १९३९चं कृष्णधवल चित्रण. टोप्यांचा समुद्र. हातात लाकडी करकरे.)

२५ मार्च १९३९. मँचेस्टरमधलं ओल्ड ट्रॅफर्ड. ग्रिम्सबी तेव्हा पहिल्या विभागात, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावर होता आणि समोर वुल्व्हज, कपाचा उपांत्य सामना. या डोक्यांकडे बघा. ७६,९६२ माणसं. ओल्ड ट्रॅफर्डवरचा गर्दीचा विक्रम आजही हाच आहे, आणि त्या दिवशी मैदानावरचे दोन्ही संघ परगावचे होते! एवढ्या बलाढ्य मैदानाचा विक्रम पाहुण्यांनी करून ठेवलाय. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी पुरत नाही.

करकरा नीट बघा, क्षणभरच दिसतो. दांडा धरून गरगर फिरवायचा, लाकडी पट्टी दातेरी चाकावर आपटत जाते आणि कर्र कर्र असा आवाज निघतो. कुणी तो क्लबाच्या रंगात रंगवून घ्यायचं. ग्रिम्सबीचे रंग काळा आणि पांढरा, त्यामुळे या चित्रणात तरी रंगाचं काही हरवलेलं नाही.

सामन्यात ग्रिम्सबीचा गोलरक्षक सुरुवातीलाच जखमी झाला. बदली खेळाडूची सोय तेव्हा नव्हती. वुल्व्हज ५, ग्रिम्सबी ०. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं.

(दृश्य : रेल्वे फलाट, साठ-सत्तरचं दशक. खिडक्यांतून लोंबणारे स्कार्फ.)

या गाड्यांना ‘फुटबॉल स्पेशल’ म्हणायचे. सामन्याच्या दिवशी ब्रिटिश रेल्वे त्या खास सोडायची, आणि डबे बहुतेक वेळा रोजच्या वापरातून काढलेले, जुने. खिडकीतून बाहेर सोडलेला स्कार्फ बघा. आईने किंवा आजीने विणलेला, एक टाका सैल, एक घट्ट, आणि वाऱ्याने ताणून मुळापेक्षा लांब झालेला. दुकानात क्लबाचा शिक्का मारलेले स्कार्फ नंतर आले.

(दृश्य : १९८९. मैदानाचा एक कोपरा. शेकडो फुगवलेले मासे वर-खाली होताहेत.)

आणि हे माशांचं चित्रण.

१८ फेब्रुवारी १९८९, लंडनमधलं प्लाउ लेन मैदान. यजमान विम्बल्डन, आदल्याच वर्षी लिव्हरपूलला हरवून कप जिंकलेले. पाहुणा ग्रिम्सबी, चौथ्या विभागातला. मँचेस्टर सिटीच्या चाहत्यांनी १९८७ साली फुगवायची केळी मैदानात आणायला सुरुवात केली होती, मग गावोगावी काही ना काही फुगायला लागलं. ग्रिम्सबीने काय फुगवावं याला फार विचार करावा लागला नाही.

मासे बघा कसे चालतात. मधूनच सगळे एका दिशेने तोंड करतात, जाळ्यात थवा वळावा तसे. कुणी ठरवलेलं नाही, शिट्टी नाही, म्होरक्या नाही. एका बापाच्या खांद्यावर पोरगं बसलंय आणि पोराच्या हातातला मासा पोराहून मोठा आहे. मैदानात काय चाललंय हे त्या पोराला दिसत असेल असं वाटत नाही, समोर सगळे मासेच आहेत.

विम्बल्डन ३, ग्रिम्सबी १.

(दृश्य : स्थिर छायाचित्र. कुंपणाला बांधलेले स्कार्फ आणि फुलं. इथे निवेदन एवढंच.)

त्यानंतर आठ आठवड्यांनी, १५ एप्रिल १९८९, याच स्पर्धेच्या उपांत्य सामन्याला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर गेलेले लिव्हरपूलचे ९७ चाहते चेंगराचेंगरीने प्राणास मुकले. चाहत्यांचा दोष नव्हता, हे न्यायालयीन चौकशीत २०१६ साली ठरलं.

(दहा सेकंद शांतता.)

(दृश्य : लूटन. एकासारख्या एक घरांची ओळ. घरांच्या मधोमध प्रवेशद्वार.)

२८ जानेवारी २०२३. पहाटे मासा फुगवणारा आपला गडी इथे पोचलाय. घरांची ही ओळ बघा : दार, खिडकी, दार, खिडकी, आणि मध्येच घराच्या जागी फुटबॉलच्या मैदानात शिरायची वाट. लूटनच्या केनिलवर्थ रोड मैदानात पाहुण्यांनी इथून जायचं. आत शिरलं की लोखंडी जिना लागतो. जिन्यावरून खाली लोकांची परसं दिसतात. वाळत घातलेले कपडे, उलटी ठेवलेली सायकल. दोन्ही बाजूंना कुणाचा तरी संसार, आणि मधून मासे काखोटीला मारलेली माणसं चढताहेत. परगावचं मैदान माणसाला असं काही दाखवतं, जे घरच्या मैदानावर कधीच दिसत नाही.

ग्रिम्सबी आता लीग टूमध्ये, म्हणजे चौथ्या स्तरावर. लूटन दुसऱ्या स्तरावर, आणि त्याच मे महिन्यात ते प्रीमियर लीगमध्ये गेले. सामना सुटला २-२ असा बरोबरीत.

म्हणून फेरसामना. दहा दिवसांनी, ब्लंडेल पार्कवर, दिव्यांच्या उजेडात. आता घरं ओलांडून यायची पाळी लूटनवाल्यांची. ग्रिम्सबी ३, लूटन ०.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. २०२४-२५च्या हंगामापासून एफए कपाच्या पहिल्या फेरीपासून पुढचे सगळे फेरसामने रद्द झाले. बरोबरी झाली की जादा वेळ, मग पेनल्टी, निकाल तिथेच. मोठ्या क्लबांचं वेळापत्रक भरलंय हे खरं आहे. पण बरोबरीत सुटलेला सामना म्हणजे लहान गावाला मिळालेलं निमंत्रण असायचं : आता तुम्ही या आमच्याकडे. १९७१ साली अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांच्यातली पात्रता फेरीची लढत सहा सामने चालली, एकूण अकरा तास, आणि सहाव्या सामन्यात एका गोलने सुटली. २००५ साली एक्सेटर सिटी, लीगबाहेरचा, चाहत्यांच्याच मालकीचा क्लब, ओल्ड ट्रॅफर्डला जाऊन ०-० खेळला. फेरसामन्याला मँचेस्टर युनायटेडला एक्सेटरला यावं लागलं, आणि त्या दोन सामन्यांच्या उत्पन्नाने कर्जात बुडालेला क्लब सावरला. १८७२मध्ये क्वीन्स पार्कला फेरसामना परवडला नव्हता. आज तो परवडत नाही म्हणणारे क्लब कोण आहेत, ते बघा. हा निर्णय चुकीचा आहे आणि तो मागे घ्यायला हवा.

(दृश्य : रात्र. साउदॅम्प्टन. पाहुण्यांचा कोपरा. मासे परत आलेत.)

१ मार्च २०२३, बुधवार. ग्रिम्सबीहून साउदॅम्प्टन पावणेचारशे किलोमीटरच्या पुढे. कामाचा दिवस, रात्रीचा सामना, परतीला पहाट. तरी हा कोपरा बघा.

पेनल्टी, गोल. पुन्हा पेनल्टी, पुन्हा गोल. ग्रिम्सबी २, प्रीमियर लीगमधलं साउदॅम्प्टन १. प्लिमथ, केम्ब्रिज, बर्टन, लूटन, साउदॅम्प्टन, पाचही आपल्याहून वरच्या स्तरावरचे. एकाच हंगामात असे पाच संघ हरवणारा एफए कपाच्या इतिहासातला हा पहिला संघ. उपांत्यपूर्व फेरीत ग्रिम्सबी १९३९नंतर पहिल्यांदाच.

(निवेदन थांबवावं. शिट्टीनंतरचं चित्रण पूर्ण जाऊ द्यावं.)

(दृश्य : ब्रायटन. दुपारचं ऊन.)

१९ मार्चला ब्रायटन. ब्रायटन ५, ग्रिम्सबी ०. ओल्ड ट्रॅफर्डवर १९३९ साली होता तोच आकडा.

(दृश्य : परतीची बस. अंधार. खिडकीवर रस्त्याचे दिवे सरकताहेत.)

पुढच्या सीटवर एक मुलगी झोपली आहे. तिचा मासा बाबांच्या मांडीवर. बाबा बूच उघडतात, हळू, आवाज होऊ नये म्हणून तळव्याने धरून. हवा जायला बराच वेळ लागतो. मग शेपटीकडून गुंडाळत आणायचं, घडी घालायची आणि स्कार्फमध्ये ठेवून द्यायचं.