तळ्यातल्या स्टेंटरची ओळख

नमस्कार, श्रोतेहो.

पावसाळा ओसरला की करमळीच्या तळ्यावर पक्षी पाहायला पुष्कळ मंडळी जातात. मी मात्र सोबत काचेची बरणी नेतो. काठाशी बुडालेल्या कुजक्या पानांसह भरून आणलेले पाणी काही तास संथ ठेवले, की पानांना आणि काचेला चिकटलेले हिरवट ठिपके कधी कधी नुसत्या डोळ्यांनाही दिसतात. हा स्टेंटर. याची अख्खी काया एकाच पेशीची असते आणि ती सनईसारखी एका टोकाला निमुळती, तर दुसऱ्या टोकाला फुललेली असते. फुललेल्या टोकाच्या कडेने पक्ष्माभिका, म्हणजे अतिसूक्ष्म केस, लयीत हलत राहतात आणि पाण्याचा भोवरा करून अन्नकण तोंडाकडे ओढतात. पक्ष्माभिका असलेल्या अशा एकपेशीय सजीवांना सिलिएट म्हणतात. सूक्ष्मजीव पहिल्यांदा पाहणारे डच निरीक्षक लेव्हेनहूक यांनी १६७४ साली हॉलंडमधल्या डेल्फ्टजवळच्या एका तळ्याचेच पाणी भिंगाखाली धरले होते, हे मला फार मोलाचे वाटते.

जाती ओळखताना घोटाळा होतो तो रंगामुळे. स्टेंटर सीरुलियस निळसर हिरवा असतो आणि स्टेंटर पॉलिमॉर्फस गवतासारखा हिरवा. कमी शक्तीच्या भिंगातून पाहून मीही एकाला दुसऱ्याचे नाव दिले होते. चारशेपट मोठे करून पाहिल्यावर चूक उमगली. सीरुलियसचा रंग बारीक कणांचा असून ते कण उभ्या पट्ट्यांत ओळीने मांडलेले असतात. पॉलिमॉर्फसमध्ये मात्र पेशीच्या आत राहणाऱ्या शैवालाच्या सुट्या, गोल, हिरव्या गोळ्या दिसतात. त्यातही शैवाल नसलेला, रंगहीन पॉलिमॉर्फस आढळतो. अशा वेळी मोठे केंद्रक, म्हणजे पेशीचा कारभार चालवणारा तिच्या आतला भाग, पाहावे लागते: पॉलिमॉर्फसचे केंद्रक मण्यांच्या माळेसारखे, तर स्टेंटर रोझेली या रंगहीन जातीचे लांब फितीसारखे असते. सीरुलियसचे केंद्रकही माळेसारखेच असल्यामुळे केंद्रक आणि रंगकण या दोन्हींची साक्ष एकत्र घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

एक काळजी अवश्य घ्यावी. नमुना टिकवण्यासाठी फॉर्मेलिन हे रसायन घातले की स्टेंटर आक्रसून गोळा होतो आणि त्याचे मूळ माप हरवते; म्हणून आणलेला नमुना शक्यतो त्याच दिवशी, जिवंत असताना पाहावा. भिंगाखालच्या काचपट्टीला धक्का लागला तरी तो क्षणात मिटतो. अशा वेळी हात न लावता थांबावे. थोड्या वेळाने तो सावकाश लांबतो, कडेचे केस पुन्हा फिरू लागतात, आणि तेव्हाच त्याची लांबी मोजावी.