प्राणहितेतून जहाजं जाणार होती

हे देवलमरी, अहेरी तालुका, जिल्हा गडचिरोली. समोर जी दिसते ती प्राणहिता. वर चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एक होतात, तिथून पुढं हिचं नाव प्राणहिता, आणि खाली सिरोंच्याला ही गोदावरीला मिळते.

आता पात्रातले हे खडक बघा. इंग्रजांच्या कागदात हा तिसरा बॅरियर, म्हणजे नावांची वाट अडवणारा खडकाचा पट्टा, पहिले दोन खाली गोदावरीवर, दुम्मागुडेम आणि इंचमपल्ली. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग त्यांना आपली पऱ्हाटी दिसली. हिंगणघाटचा कापूस बैलगाडीनं मुंबईपर्यंत ओढायचा त्यापेक्षा नदीनं थेट पूर्वेच्या समुद्रावर न्यायचा, असा प्लॅन. यामागं जोर लावला इंग्रज इंजिनिअर सर आर्थर कॉटननं, गोदावरीवर दवळेश्वरमचा बंधारा बांधणारा तोच.

पण खडकाचं काय? तर वरच्या अंगाला आडवा बंधारा घालायचा, पाणी बाजूच्या कालव्यात वळवायचं, नाव खडक टाळून कालव्यातून जाणार. वरचं पाणी उंच, खालचं खोल, म्हणून मधे लॉक. म्हणजे काय तर लांबट दगडी हौद, दोन्ही टोकांना दारं. नाव खालून आत आली की मागचं दार लावायचं, वरचं पाणी झडपेतून आत सोडायचं, हौद भरत जातो तशी नाव आपोआप वर येते, दोन्हीकडं पाणी सारखं झालं की पुढचं दार उघडायचं, झालं. पाणी भरायला पंपबिंप काही नाही. दाराची दोन पानं वरच्या पाण्याकडं टोक करून मिटतात, त्यामुळं पाण्याचा दाब जेवढा जास्त तेवढं दार घट्ट, ही आयडिया मला तर जाम आवडते! पनामा कालव्यात आजही जहाजं अशीच २६ मीटर चढतात.

दुम्मागुडेमला बंधारा झाला, तो अजून आहे. पण १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, ती बारा महिने चालणार, नदी पावसाळा सरला की खडकाला लागते. १८७१ ला काम गुंडाळलं.

२०१६ च्या कायद्यानं देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग ठरले, त्यात वैनगंगा-प्राणहिता पण आहे, इकडं किती जणांना माहीत असेल देव जाणे. वर पवनीजवळ वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दारं आहेत, पण ती पाणी सोडायला, नाव चढवायला लॉक नाही. आणि उन्हाळ्यात इथं वाळूचे पट्टे उघडे पडतात तेव्हा बार्ज, म्हणजे मालाची सपाट बुडाची नाव, कशावर चालवणार? जलमार्ग हवाच असेल तर लॉकवाले बंधारे लागतील, आणि बंधारा म्हटला की बुडीत आलंच, ते कोणत्या कास्तकाराच्या वावरात येणार ते आधी सांगा म्हणावं.