आमचा तेनझिंग: धर्मराज थापांचं एक गाणं

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय नेपाळच्या एका लोककवीविषयी. गीतं लिहिणारा, चाली लावणारा, स्वतः गाणारा माणूस. नाव धर्मराज थापा. पुन्हा सांगते, धर्मराज थापा. नेपाळात त्यांना 'जनकवी केसरी' म्हणत.

जन्म १९२४ चा, पोखऱ्याजवळच्या बाटुलेचौरचा. हे गंधर्वांचं गाव. गंधर्व म्हणजे सारंगी घेऊन दारोदार फिरणारे गवई. कुठे लढाई झाली, कुणाचा मुलगा पलटणीत गेला तो परतलाच नाही, अशा बातम्या ते गाण्यातून डोंगराडोंगरांत पोचवत. समाजानं त्यांची गाणी ऐकली, पण त्यांना शिवाशिवीत लांब ठेवलं. धर्मराज जन्मानं गंधर्व नव्हते, पण वाढले त्या सारंगीच्या शेजारात. शेतात, मेळ्यात गायल्या जाणाऱ्या झ्याउरे चालीला तेव्हाचे शिकलेले लोक गावंढळ म्हणत. महाकवी देवकोटांनी १९३६ साली 'मुनामदन' हे काव्य त्याच लयीत लिहिलं, तेव्हा कुठे कागदावर तिला मान मिळाला. १९५१ साली राणा घराण्याच्या वंशपरंपरागत पंतप्रधानांची राजवट संपली, रेडिओ नेपाळ सुरू झाला, आणि ती लय माइकसमोर आणणाऱ्यांत धर्मराज पुढे होते.

आता त्या गाण्याची गोष्ट. मला ही फार आवडते, म्हणून जरा सावकाश सांगते.

२९ मे १९५३. तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचले. बातमी लंडनला छापून आली २ जूनला, राणीच्या राज्याभिषेकाच्या दिवशी. तिकडे तो ब्रिटिश विजय ठरला. आणि काठमांडूत? काठमांडूत धर्मराजांनी गाणं बांधलं. 'हाम्रो तेन्जिङ शेर्पाले', आमच्या तेनझिंग शेर्पानं हिमालयाचं शिखर सर केलं. आमच्या तेनझिंगनं! गाण्यात हिलरी वाट चुकतो, अडखळतो, आणि तेनझिंग त्याला वाट दाखवत वर नेतो.

हे गाणं वणव्यासारखं पसरलं. तबकडी निघाली, पोरंसोरं गाऊ लागली. २० जूनला मोहीम काठमांडूच्या खोऱ्यात उतरली, तर रस्त्यावर फलक लागलेले: तेनझिंग शिखरावर उभा, हातात दोर, आणि दोराच्या खालच्या टोकाला हिलरी, ओढला जातोय. लोक तेनझिंगला घेरून एकच विचारत, पहिलं पाऊल तुझंच ना? सांग, तुझंच ना? भारत म्हणे तो आमचा, दार्जिलिंगला राहतो. नेपाळ म्हणे तो आमचा. शेवटी पंतप्रधान मातृकाप्रसाद कोइरालांच्या कार्यालयात दोघांनी एका निवेदनावर सह्या केल्या: आम्ही जवळजवळ एकत्रच पोचलो. जवळजवळ एकत्र. त्या 'जवळजवळ'वर जगानं दोन वर्षं खल केला. १९५५ साली आपल्या आत्मचरित्रात तेनझिंगनंच सांगून टाकलं की हिलरीचं पाऊल आधी पडलं, मी काही पावलांवर मागे होतो.

म्हणजे गाण्यानं सांगितलं ते तसं घडलंच नव्हतं. हिलरीवर त्यात अन्याय झाला, हे मला स्पष्ट म्हणायचंय. उत्तम गिर्यारोहक होता तो. पण १९३५ पासून पाठीवर ओझी वाहत साहेबांबरोबर वर जाणारा, आदल्याच वर्षी स्विस मोहिमेत लँबर्टबरोबर जवळपास ८,६०० मीटरपर्यंत पोचलेला माणूस होता तेनझिंग. या ब्रिटिश मोहिमेचा नेता हंट आणि हिलरी यांना 'सर' किताब मिळाला, तेनझिंगला जॉर्ज पदक. हजारो हमालांची नावंही ज्या मोहिमांनी नोंदवली नाहीत, त्या मोहिमांसमोर एका कवीनं ठणकावून म्हटलं, हा आमचा. तेवढं मात्र त्या गाण्यानं अचूक सांगितलं.

ओघात एक बोलून घेते. गाणं लावताना आपण गायकाचं नाव सांगतो, संगीतकाराचं सांगतो, आणि गीतकाराला विसरतो. १९६६ च्या 'माइतीघर' या नेपाळी चित्रपटात आशाताई गायल्या, उषाताई गायल्या, हे आपण अभिमानानं सांगतो. ते शब्द लिहिले कुणी, हे कुणी विचारतं का? प्रत्येक केंद्रानं गीतकाराचं नाव आधी घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

असो. धर्मराज पुढे नेपाळभर पायी फिरले, लोकगीतं गोळा केली, लमजुंगच्या लोकसंस्कृतीवर पुस्तक लिहिलं, 'मेरो नेपाल भ्रमण' हे प्रवासवर्णन लिहिलं, खंडकाव्यं लिहिली. नेपाळच्या राजकीय, म्हणजे शाही, प्रज्ञा प्रतिष्ठान या अकादमीचे ते सदस्य होते. २०१४ साली, नव्वदीत, ते गेले.

त्यांचं आणखी एक गाणं नेपाळात पोरासोरांना पाठ आहे. हिरव्या डोंगरावर नांगर धरलेला गडी, आणि त्याचे दोन बैल, माले आणि तारे. तो त्यांना नावानं हाका मारतो, 'हो हो माले, हो हो तारे', आणि त्या हाकांतूनच चाल उभी राहते. ते आता ऐकू या. गीत, धर्मराज थापा. आवाजही त्यांचाच.